एका माणसाला, कुत्र्याबद्दल

संडरलंडच्या वाचनालयात, वरच्या मजल्यावर,
रेडिएटरला खेटून एक टेबल आहे.
दर मंगळवारी तिथे लेतेब्रहान बसते,
समोर कथबर्ट हेस्लप, वय एक्याऐंशी,
डाव्या हाताला साडेतीन बोटं.

पहिल्या धड्याला त्यानं चित्र काढलं:
चार पाय, शेपूट, जीभ बाहेर.
डॉग, तो म्हणाला.
केल्बी, ती म्हणाली, आणि वही जराशी मागे ओढली.

सोपा शब्द. त्याला वाटलं, संपला.

पण तो सुटेना.
गोदी बंद पडेपर्यंत, कथबर्ट सांगू लागला,
तीस वर्षं मी डॉगच ठोकत होतो:
लोखंडाचा आकडा, एवढासा.
पोलादाचे दोन पत्रे एकमेकांकडे बघेनासे झाले
की त्यांच्या मानगुटीवर बसवायचा,
खाली पाचर मारायची,
आणि वेल्डर येईपर्यंत त्यानं तोंड उघडायचं नाही.
चावतो ना, म्हणून डॉग.

साडेतीन बोटं तिनं तेव्हा नीट पाहिली.

मग आईच्या शेकोटीतले दोन लोखंडी पाय,
ओंडके ज्यांच्यावर पाठ टेकायचे.
जहाजावरचा संध्याकाळचा तोकडा पहारा,
चाराऐवजी दोनच तासांचा.
ओठाशी जळत आलेलं सिगारेटचं थोटूक.
वहीच्या पानाचा दुमडलेला कोपरा,
तो तर कुत्र्याचा कान.

आमच्याकडे कुत्र्यांचे कान उभे असतात,
लेतेब्रहाननं हरकत घेतली.

(मी काय बोलू? माझ्या भाषेत
उकिरड्यावर कुत्र्याची छत्री उगवते
आणि तिच्याखाली उभा राहिलेला
एकही कुत्रा मला आजवर भेटला नाही.)

आणि हे शहर? हे गेलं कुत्र्यांकडे,
म्हणजे वाटोळं झालं.
बाप मात्र दर शनिवारी खरोखरच कुत्र्यांकडे जायचा,
शर्यतीच्या मैदानावर,
आणि पगार तिथेच ठेवून यायचा.

हे क्रियापदही आहे बरं का, तो म्हणाला.
म्हणजे कुणाच्या तरी मागं मागं...
हातानं हवेत चाचपत तो शब्द शोधू लागला.
माहीत आहे, ती म्हणाली.
कसालाच्या अलीकडे, रात्री, चंद्र नव्हता.

एवढंच.
त्यानं पेन्सिल खाली ठेवली.
त्या दिवशी पुढचा अर्थ झाला नाही.

जूनपासून तो अकराच्या ठोक्याला उठू लागला.
टोपी चढवताना म्हणायचा:
एका माणसाला भेटायचंय, कुत्र्याबद्दल.
तिनं ते उतरवून घेतलं नाही.
त्यात नवा शब्द कुठे होता?

एकटा म्हातारा. घेत असेल एखादा.
तिनं चार पौंडांना लाल पट्टा विकत घेतला
आणि दोन आठवडे पिशवीत बाळगला.
बसमध्ये बक्कल वाजलं की दचकायची.
पण बाळगला.

टेबलावर ठेवला तेव्हा तो हसला,
हसता हसता खोकला,
आणि रुमालाची घडी जरा घाईनं केली.
अगं, ते नुसतं म्हणायचं असतं,
कुठे जातोय हे सांगायचं नसलं की.
कुत्रा नसतो.

आणि माणूस?

माणूस असतो. डॉक्टर आहे.
बरा आहे. फार कोवळा आहे.

आता मंगळवारी विनिफ्रेड शिकवते.
काळांचे तक्ते आणते, रंगीत.
अकरा वाजता लेतेब्रहान पानाचा कान मोडते,
वही मिटते.
कुठे निघालीस?
एका माणसाला भेटायचंय, ती सांगते,
वेअर नदीकाठच्या त्याच जाडसर स्वरांत,
कुत्र्याबद्दल.

वॉर्डात, खिडकीकडच्या खाटेच्या कठड्याला
लाल पट्टा बांधलेला आहे.
नव्या नर्सनं हात लावला
की कथबर्ट डोळे न उघडता म्हणतो,
जपून. चावतो.