वाफसा

हार्लन ऑस्टरबर्गने सहा सुती चड्ड्यांचं पाकीट
माझ्या पुढ्यात टाकलं. नवं, पांढरं.
म्हणाला, विद्यापीठाचा अहवाल मी वाचलेला नाही,
वाचणारही नाही.
यातल्या दोन पुरू या.
चार मी वापरेन.

मे महिना. ग्रंडी काउंटी, आयोवा.
एक पुरली घरामागच्या शेतात,
जे तो दर हिवाळ्याआधी नांगरतो
इतकं काळं, इतकं सरळ,
की चर्चहून परतताना लोक गाड्या हळू करतात.
दुसरी ओढ्याकडच्या बारा एकरांत,
जिथे माझ्या भुणभुणीला कंटाळून
तो मका काढल्यावर राय पेरू लागला,
नांगर न लावता, जुनी धाटं तशीच ठेवून.
तिथेही लोक गाड्या हळू करत.
हार्लनची तब्येत बरी आहे ना, असं
धान्याच्या कोठारावर कुणी त्याच्या सुनेला विचारलं.

पहिल्या वर्षी राय उशिरा मारलं.
मका पिवळा पडला, एकरी अकरा बुशेल गेले.
तीन आठवडे त्याने माझा फोन उचलला नाही.
चूक माझी होती.
मी हवामान म्हणाले.

माझे वडील बार्शीत शिंपी,
चिमटीत धरून कापडाची जात सांगणारे.
शिकलेली मुलगी परदेशात
जमिनीत चड्ड्या पुरते, हे त्यांना सांगितलं नाही.
माती तपासते, एवढंच म्हटलं.
दोन महिने.

जुलैत खणलं.
घरामागची निघाली तशीच्या तशी,
जरा मळकी. धुतली तर
चर्चला घालून जाता येईल अशी.
हार्लन काही बोलला नाही.
ओढ्याकडे फावडं मारलं तर हाती आलं
कमरेचं इलास्टिक, पायांचे दोन घेर
आणि शिवणीचा पॉलिएस्टर दोरा,
टाक्याला टाका लागून,
कापड नसलेली शिलाई.
बाकी सगळं खाल्लेलं.
एक गांडूळ त्या घेरातून सावकाश निघालं,
घरमालकासारखं.

वडिलांना हे दाखवायला हवं होतं, वाटलं.
दोरा कुठला, त्यांनी लगेच सांगितलं असतं.

हार्लनने इलास्टिक ताणलं, सोडलं.
टप्प.
आजोबांनी इथलं गवत मोडलं, म्हणाला,
मी पंचेचाळीस वर्षं मक्याला जेवू घातलं.
मग खाली बघून,
हिचं राहिलंच.

माझ्या फायलीत आकडे होते,
सेंद्रिय कर्ब, तासाला मुरणारं पाणी.
फाईल मी गाडीतच ठेवली.

पुढच्या एप्रिलमध्ये मी त्याला एक शब्द दिला.
इंग्रजीत तो नाही, शोधलाय मी.
राहुरीला, कॉलेजच्या फार्मवर,
प्राध्यापकांनी नाही, खुरपणीच्या गिरजाबाईंनी शिकवलेला.
मूठभर माती दाबायची.
बोटांना चिकटली तर घरी जा.
गोळा झाला, आणि कमरेएवढ्यावरून टाकला की फुटला,
तर वाफसा.
तर पेर.

त्याने ऐकून घेतलं, आणि मूठ उघडली.
गोळा आधीच तयार होता तळहातावर.
बापाने शिकवलेलं, म्हणाला,
पण त्याला आम्ही काही म्हणत नव्हतो.

आता ते इलास्टिक त्याच्या शेडमध्ये
खिळ्याला टांगलेलं आहे, पान्यांच्या रांगेत.
घरामागेही राय आहे यंदा,
निदान अर्ध्यात. उरलेला अर्धा अजून काळा,
अजून सरळ. त्याबद्दल मी विचारत नाही.

काल पाऊस थांबला.
सकाळी साडेपाचला फोनवर त्याचा निरोप,
त्याच्या स्पेलिंगात:
वॅप्सा नाही अजून. गुरुवारी बघू.