पंखा जरा हळू

तेमिरकुल बायके लॅपटॉप घेऊन आले
टॉवेलात गुंडाळून, आजारी कोकरासारखा.
बिश्केकच्या बाजारात तिसऱ्या मजल्यावर माझा गाळा,
चार फूट बाय पाच. त्यात मी, हीटर
आणि पोट उघडून ठेवलेली यंत्रं.
"पोरी, यातलं चित्राचं कार्ड बदलून दे.
गेम अडकतो."
वय एकसष्ट. पिठाच्या गिरणीवर रात्रीचे राखणदार.
मी हसू दाबलं. दाबलेलं त्यांना दिसलं असावं.

"मुलगा कोरियात आहे, आन्सानला, प्लास्टिकच्या कारखान्यात.
फोनवर आम्हाला बोलता येत नाही.
जेवलास का, जेवलो, थंडी आहे का, आहे.
संपलं.
मग त्यानं मला हा खेळ शिकवला.
दोन घोडे, मोठा माळ, लांडगे.
घोड्यावर बसला की बोलतो.
पण मधेच थिजतो, नदीपाशी,
हाक मारली तरी हलत नाही.
कार्ड म्हातारं झालंय, दुसरं काय!"

अकरा स्क्रू काढले. बारावा आधीच कुणीतरी हरवलेला.
पंख्यात धूळ नव्हती, गिरणीचं पीठ होतं,
दमटून घट्ट बसलेलं, एक भाकरी झाली असती.
त्याखाली चिप, बोर्डाच्या हाडाशी झाळलेली.
"हे निघायचं नाही, बायके.
नवीन घ्या."
ते काही बोलले नाहीत. टॉवेलाची घडी घातली,
उलगडली, पुन्हा घातली.

मला ती घडी बघवेना.

खालच्या कप्प्यात एक कार्ड पडून होतं, विटेएवढं,
नाण्यांच्या कारखान्यातून आलेलं,
म्हणजे त्या, हाताला न लागणाऱ्या नाण्यांच्या.
तीन वर्षं रात्रंदिवस त्यानं नुसते आकडे पिंजले,
गवताचं एक पातं कधी काढलं नाही.
वाय-फायच्या खाचेतून चपटी तार बाहेर ओढली.
वाय-फाय गेलं, त्याच्या जागी लांब केबल आली.
वीज वेगळी. पडदा वेगळा.
दोनदा काळोख, तिसऱ्यांदा काळोख,
चौथ्यांदा त्या आकडेमोड्या कार्डानं
माळ काढला, अख्खा, वाऱ्यासकट.
बायके खुर्चीतून अर्धे उठले.

"पण आता हा मांडीवर बसायचा नाही," मी म्हणाले.
"मोठी झाली की नाहीच बसत," ते म्हणाले
आणि तो सगळा तारांचा संसार
सफरचंदाच्या खोक्यात भरून बसमध्ये चढले.

नऊ दिवसांनी पुन्हा हजर. खोकं नाही, हात रिकामे.
"बिघडलं?"
"नाही गं. छान आहे. फारच.
गवत हलतं. नदी वाहते.
शेकोटीचा धूर कुठल्या अंगाला जातो तेसुद्धा कळतं.
घोडा शेपटी उडवतो.
आणि कुतमान तसाच थिजलेला."

हीटर टकटक करत होता.

"यंत्र अडकतच नव्हतं. पोरगं झोपतं.
बारा तासांची पाळी करून येतं,
कानाला ते लावून बसतं आणि घोड्यावरच डोळा लागतो.
श्वास ऐकू येतो नीट कान दिला तर.
मी महिनोन् महिने कार्डाला शिव्या घातल्या."

मी सोल्डरची कांडी स्टँडवर ठेवली.
"मग तुम्ही काय करता?"
"काय करणार, लांडगे हाकतो.
गिरणीवर तीस वर्षं कुत्री हाकली,
इथं निदान घोडा तरी आहे."

उरलेले आठशे सोम त्यांनी मोजून ठेवले,
परत उचलून मोजले.
पडदा सारून बाहेर पडता पडता थांबले.
"एक विचारू? त्या नव्या कार्डाचा पंखा
जरा हळू करता येईल का?
माइकातून आवाज तिकडे जातो."