कान

कराडच्या वर, कृष्णेच्या काठाला
पांढरीची माती वीटभट्टीनं अर्धी खाल्ली.
उरलेल्या अर्ध्यात आमचा खड्डा:
सुतळी, खिळे, मे महिना, एक छत्री.
अकराव्या दिवशी, दीड हात खाली
कान निघाला.

आपल्या रांजणाला कान नसतो.
हा लांबट,
दोन बोटं एकमेकांना चिकटवावीत तसा,
खाली घड्याच्या खांद्याचा तुकडा अजून धरून ठेवलेला.

मॅडमनी भिंग लावलं. बराच वेळ गप्प.
मग म्हणाल्या, काळी वाळू दिसते?
इटलीच्या मावळतीच्या किनाऱ्यावर
जळत्या डोंगराच्या पायथ्याची माती ही.
त्याच धक्क्यावरून याची भावंडं
दारू पोटात घेऊन
सार्डिनियाला गेली, स्पेनला गेली.
हा एक उगवतीला निघाला,
समुद्र, मग घाट,
मग कुणाच्या तरी बैलाची पाठ.

हैबती कुंभार आमच्याकडं रोजंदारीवर.
त्यानं कान हातात घेतला
आणि आम्ही नको म्हणायच्या आत
जिभेला लावला.
"आपली न्हवं ही.
वाळूचं काय सांगू नका, आपला डोंगुरबी जळूनच झालाय.
पर माती आपली न्हवं."

मग आतल्या अंगाला,
जिथं कान घड्याला बसवताना दाबतात,
तिथल्या खळग्यात त्यानं अंगठा घातला.
बसेना.
करंगळी घातली. बसली, जरा सैल.
"पोरगं हाय," तो म्हणाला. "घाईत हुतं.
नीट पुसलंबी न्हाय बघा."

दोन हजार वर्षं, आणि हा 'हाय' म्हणाला.

नोंदवहीत रकाने होते:
थर, खोली, वजन, रंग.
मी लिहिलं: कान, एक, तुटका.
'पोरगं' कुठं लिहायचं
ते मॅडमना विचारायचं राहिलं.

संध्याकाळी त्याच्या अंगणात चहाला गेले.
बेंदूर महिन्यावर आलेला,
फळीवर ओल्या बैलांची रांग,
सगळे बहिरे.
नातू एकेकाला कान लावत होता,
एक डोळा रस्त्यावरच्या क्रिकेटकडं.
"दाब नीट, वाळल्यावर गळंल," हैबती ओरडला.
पोरानं अंगठा रुतवला,
खळगा तसाच ठेवून
पळालं.

हैबतीनं बैल उचलला,
पुसायला बोट ओलं केलं,
माझ्याकडं बघितलं,
आणि बैल तसाच फळीवर ठेवला.