चौथा रकाना

टँकर सोमवारी येतो.
गव्हाचा अर्क, शहाण्णव टक्के,
अजून त्याचं बारसं झालेलं नाही.
अर्धा डाव्या टाकीत, अर्धा उजव्या.

डावीकडे कोळशाचे थर.
त्यांतून तो उतरतो, पुन्हा चढवतात, पुन्हा उतरतो,
अंगावरचं एकेक काढून ठेवत.
काहीच शिल्लक उरलं नाही की म्हणायचं वोडका.

उजवीकडे तांब्याचं भांडं.
त्यात मी हाऊबेर ओतते, धने, संत्र्याची साल,
आणि रात्रभर मुरत ठेवते.
बाहेर वॉरिंग्टनच्या कालव्यावर धुकं,
आत कुणीतरी गोडा मसाला भाजायला घेतलाय.
सकाळी नळीतून येते ती जिन.

एवढाच फरक, मी बाबांना फोनवर सांगितलं.
सत्तावीस वर्षं ते साखर कारखान्याच्या डिस्टिलरीत;
त्यांच्या शर्टाचा मळीचा वास
कुठल्याच साबणाला दाद देत नसे.
"धने? दारूत?" म्हणाले,
आणि बराच वेळ हसत राहिले.

मॉरीनचं नाक गेल्या हिवाळ्यात गेलं.
ताप आला, उतरला, नाक परत आलं नाही.
जिच्या एका हुंगण्यावर अख्खं पिंप पास व्हायचं
किंवा मोरीत जायचं,
तिच्यासमोर आता दोन पेले
आणि दोन्हींत पाणी.

तरी तिला चुकवता येत नाही.
मी पाठ फिरवून पेल्यांची अदलाबदल केली.
तिनं दोन्हींत थंड पाणी घातलं, थेंब थेंब,
खिडकीशी धरलं.
एक तसाच नितळ.
दुसऱ्यात किंचित धुरकट आलं,
चष्म्यावर हा करावं तसं.
"ही," ती म्हणाली. "हिच्या पोटात काहीतरी आहे."

मग नोंदवही ओढली.
तारीख, तपमान, घनता. चौथा रकाना: वास.
"तू सांग, मी लिहिते."
मी म्हटलं, नव्या पेन्सिलीला पहिलं टोक काढताना
गोल साल पडते ना, ती.
मग धने.
मग संत्रं, पण शेजारच्या खोलीत सोललेलं.
'शेजारच्या खोलीत'खाली तिनं रेघ मारली.

वोडकाचा पेला पुढे केला.
मी हुंगत राहिले.
अगदी तळाशी, कोळशाची नजर चुकवून आलेलं
ओलं पोतं. गव्हाचं.
की मलाच ते हवं होतं?
"काही नाही," मी म्हणाले.

मॉरीनचं पेन थांबलं.
"खरंच नाही,
की मला बरं वाटावं म्हणून?"