भांडणापुरता दम

डॉक्टरांचा कागद फ्रिजवर पिवळा पडला.
मुलीने पाठवलेलं पावलं मोजणारं घड्याळ
ओर्तेन्सियाने कुत्र्याच्या गळ्यात बांधलं;
त्याचे दहा हजार दुपारपर्यंतच भरतात.

वाल्पाराइसोच्या टेकडीवर, एकशे बासष्ट पायऱ्या वर,
नेल्दा राहते,
अठरा वर्षांपूर्वी तांब्याचं पातेलं नेलेली.
जाब विचारायला जावं
तर दारात पोचेतो छातीचा नुसता भाता.
नेल्दा खुर्ची देते. वर पाणी देते.
याहून मोठा अपमान कोणता?

म्हणून हल्ली पहाटे, कुणी बघत नसताना,
ती चढते. तीस पायऱ्या. मग पन्नास.
सिगारेट पेटवते, अर्ध्यावर विझवते.

परवा वर पोचली
तेव्हा अख्खं वाक्य शाबूत होतं.
"माझं पातेलं," ती म्हणाली,
आणि एवढा श्वास उरला
की पुढे काय बोलावं, सुचेना.