अकराव्या दिवशी

बरणी बोलेना.
सलाइनची नळी फुलपात्रातल्या पाण्यात तोंड बुडवून
शिक्षा झालेल्या पोरीसारखी गप्प.
पहिले पाच दिवस काय बुडबुडत होती!
दर चार सेकंदांनी एक. मोजलेत मी,
शाळेचं जुनं स्टॉपवॉच अजून माझ्याकडेच आहे.
(मागितलं तर देईन परत.)

दोंडाईच्यात जानेवारीच्या पहाटे
मिरचीच्या पथारींवरही दव धरतं,
लाल रंग तेवढा वेळ काळपट दिसतो.
बाजारातून सहा किलो बोरं आणली होती,
बिया काढता काढता अंगठ्याची सालटं निघाली.
साखर, चार लिंबं, कोऱ्या चहाचं पाणी.

एकतीस वर्षं प्रयोग मांडले मी,
केले दुसऱ्यांनी.
बीकर धुवायचे, जाळ्या घासायच्या,
आम्लांच्या बाटल्यांना लेबलं डकवायची.
निवृत्तीच्या दिवशी मुख्याध्यापक म्हणाले,
निर्मलाबाईंच्या हातून एक परीक्षानळी फुटली नाही.
एकोणीस फुटल्या होत्या.
पैसे मी भरले होते.

हा माझा पहिला.

म्हणून झाकणाच्या कडेला साबणाचा फेस फासला,
वायू बाहेरच्या बाहेर पळतोय का बघायला.
नाही. एकही फुगा नाही.
घनतामापी सोडला: एक हजार चाळीस.
काल चाळीस, परवाही चाळीस.
म्हणजे साखर पानात तशीच आहे
आणि जेवणारे हात आखडून बसलेत.
(आधी सुकदेव आप्पांच्या डेअरीतून लॅक्टोमीटर आणला होता,
तो भलतंच सांगायला लागला.)
वास घेतला. आंबूस, पण शिरक्याचा नाही.
चाखून बघितली. गोड,
चिडावं इतकी गोड.
मनुका चिरून घातल्या. ढवळलं. गोधडीत गुंडाळलं.
फोनवर भाचा म्हणाला, मावशी, फेकून दे ते,
मी आणतो ना चांगली बाटली.
बाटली कुणाला हवी होती.

लतीफभाईंकडे नव्या यीस्टसाठी गेले.
"काय व्हयनं, ताई?"
सांगितलं, सगळं नाही. बोराचं पाणी म्हटलं.
पाव मोजता मोजता त्यांनी एवढंच विचारलं,
"रातले कोठे ठेवतस?"
ओट्याखाली. शहाबादी फरशीवर.
हसले. भुवयांवरचं पीठ हललं.
"मंग तो मरेल नही, निजेल से.
मन्हा पाव बी थंडीमा असाच निजस."

घरी येऊन वाटीत कोमट पाणी घेतलं, चमचाभर साखर, वर यीस्ट.
फेस धरल्यावर त्यात बरणीतला रस,
एक चमचा, मग दहा मिनिटं थांबून दुसरा.
एकदम ओतलं की दचकतात.
संध्याकाळ त्यातच गेली, भाजी करपली.

त्यांच्या भट्टीची मागची भिंत आमच्या बोळात उतरते.
तिथे गुडघ्याएवढ्या उंचीवर एक कोनाडा आहे,
कुणी कधी काही न ठेवलेला.
ठेवू का, विचारलं.
लतीफभाईंनी बरणीकडे बघितलं नाही,
बघायचं नव्हतंच त्यांना.
"भट्टी मन्ही. भिंतनी ऊब गल्लीनी से."

तीन रात्री स्टूल घेऊन बसले.
मफलर, टॉर्च, वही.
भिंतीला थर्मामीटर टेकवला, चोवीस.
पायाशी बोक्याची कायमची जागा,
त्याला माझं येणं पटलेलं नव्हतं.
आत कुणीतरी ट्रे सरकवत होतं,
खारीचा वास विटांतून झिरपत होता.

तिसऱ्या रात्री, पावणेतीनला,
नळीच्या टोकाशी काहीतरी फुगलं,
अडलं,
सुटलं.
बुडुक.

स्टॉपवॉच दाबलं.
वीस. तीस. माझाच श्वास आड येत होता.
त्रेचाळीसला दुसरा.

बोक्याने एक डोळा उघडला,
शेपूट आवरून घेतली
आणि वीतभर सरकला.