अर्थ

ट्रॅक्टर माझ्या लग्नाच्या आधीचा.
बॉनेटचा निळा रंग उन्हानं खाऊन टाकलेला,
सीटवर पोत्याची घडी,
आणि पुढचे दोन दिवे असे,
की पेटलेत का ते बघायला
काडी ओढून जवळ जावं.

उन्हाळ्यात मंद्रूपला दिवसा नांगरणं म्हणजे
तव्यावर अनवाणी चालणं.
म्हणून रात्री. जेवणं उरकली की मी वर चढते.
सासरे बांधावर बसून
नुसत्या आवाजावरनं सांगतात,
"फाळ वर आलाय बघ."
त्यांना दिवा कधी लागलाच नाही.

मला लागतो.
गेल्या सोमवारी विहिरीपासून चार हातांवर
ब्रेक दाबला मी.
इंजिन बंद करून बसून राहिले थोडा वेळ.
घरी कुणाला बोलले नाही.

सकाळी सरळ सोलापूर,
अक्कलकोट रोडला, अंबादास गुंडेटीच्या टपरीपुढं.

त्यानं आधी चहा सांगितला.
मग ना बल्ब बघितला, ना बॅटरी;
डॅशबोर्डामागं कोपरापर्यंत हात घातला.
वडील त्याचे पॉवरलूमवर होते.
चालत्या मागावर तुटका धागा सांधावा
तशी अंगठा न् तर्जनीत वायर वळली,
थुंकी लावायला ओठाशी नेली
आणि थांबला. हसला.
"घरातली सवय वो, वैनी."

थोड्या वेळानं म्हणाला,
"दिव्यात खोट नाही. अर्थ लागंना झालाय."

मी दहावीला मराठीत अठ्ठ्याहत्तर पाडलेली बाई.
म्हटलं, "कशाचा?"

त्यानं चेसीवरचा एक बोल्ट दाखवला,
गंजानं फुगलेला, तीन रंगांखाली गाडलेला.
"करंट जातोय की दिव्यापर्यंत.
माघारी यायला वाट नाही त्याला.
मग तिथंच मिणमिणत बसतो."
पॉलिश पेपरनं घासत राहिला,
तेव्हा कुठं लोखंड दिसलं, रुपयाएवढं, पांढरंशुभ्र.
काळी वायर कसली,
आणि माझे ते दोन आंधळे दिवे
भर उन्हात पेटलेले मला दिसले.

तरी एलईडी घेतलेच.
पैसे मोजून आणले होते, हौसही होती.
"सहा नकोत, डायनॅमो म्हातारा आहे.
दोन पुढं, एक मागं फाळावर.
स्विचवर भार नको, रिले टाकतो."
साडेतीन हजार सांगितले.
अठ्ठावीसशे दिले,
वर पाव किलो शेंगाचटणी.

त्या रात्री सोळा वर्षं नांगरलेलं शेत
पहिल्यांदा शेवटापर्यंत दिसलं.
हरळीचा कोपरा. शेजाऱ्यानं हळूच सरकवलेला बांध.
माझी तासं, सरळ समजत होते ती,
ताकाच्या धारेसारखी वाकडी.

मग वारा पाठीमागनं फिरला.
धूळ पुढं गेली आणि सगळा उजेड तिच्यावर आपटून
माझ्याच डोळ्यांत आला.
समोर चुन्याची भिंत.
थांबले.

सासरे अंधारातनं चालत आले,
गरम बॉनेटवर तळवा ठेवला.
"जुना एक असू दे," म्हणाले.
"धुळीला पिवळाच कळतो."

जुने दिवे टूलबॉक्समध्ये होते,
कालच्या पेपरात गुंडाळलेले.
आता उजवा पांढरा, डावा पिवळा.
पोरं म्हणतात, शिवलीलाकाकूच्या ट्रॅक्टरला
एका डोळ्यात कावीळ झालीय.
म्हणू देत.

विहिरीचं मी अजून सांगितलेलं नाही.

पण परवा रात्री त्या बाजूला वळले
तर काठाभोवती दगड मांडलेले,
प्रत्येकाला ओला चुना,
पिवळ्या उजेडातही दिसेल इतका जाड.
बांधावर सासरे बसलेले,
तोंड दुसरीकडं.
"फाळ वर आलाय बघ," म्हणाले.
आला नव्हता.